आवडली, पण नेमकी कुठे?

प्रश्न असा आला आहे: "एका लेखन कार्यशाळेत भेटलेले आम्ही नऊ जण दोन वर्षांपासून व्हॉट्सॲपवर एकमेकांच्या कथा-कविता वाचतो. काहीही टाकलं तरी 'अप्रतिम', 'निःशब्द' आणि टाळ्या. एप्रिलमध्ये एका ताईंनी सांगलीच्या पुरावरची कथा टाकली. रात्री अकराला गटातल्या एका दादांनी 'खरं सांगतो' म्हणून लिहिलं, की सुरुवात पकड घेत नाही, शेवट फिल्मी आहे, प्रमाणभाषा सांभाळा. सकाळी ताई गट सोडून गेल्या होत्या. मला त्यांच्या कथेतली आजी अजून आठवते, पुराचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर मोजणारी. तेव्हापासून कुणीच काही टाकत नाही. अभिप्राय द्यायचा तरी कसा? खरं बोलायचं की मन राखायचं?"

दादा खोटं बोलले नाहीत आणि टाळ्या देणारे तुम्ही बाकीचे सात जणही खोटं बोलत नव्हता, असं मी धरून चालते. तरीसुद्धा त्या ताईंना दोन वर्षांत तुमच्याकडून उपयोगी पडेल असं एक वाक्य मिळालेलं दिसत नाही. 'अप्रतिम' आणि 'फिल्मी' हे मला एकाच जातीचे शब्द वाटतात. दोन्ही निकाल आहेत. निकाल ऐकून माणूस खूश होतो किंवा खट्टू होतो, पण कथा घेऊन पुन्हा बसला तर कुठून सुरुवात करावी हे त्याला दोन्हीतून कळत नाही. त्यामुळे खरं बोलायचं की मन राखायचं, यातून निवड करायची वेळ तुमच्यावर अजून आलेलीच नाही. आधी वाचलेलं नेमकं सांगायला शिकायचं आहे.

मी गेली २२ वर्षं एका दिवाळी अंकासाठी कथा निवडते आणि निवडलेल्या कथांवर लेखकांबरोबर बसून काम करते. कोल्हापुरात आमचा एक वाचनगटही १४ वर्षं चालू आहे. सध्या सहा जण आहोत. त्यातली एक मेलबर्नला, एक नाशिकला, त्यामुळे आमचंही बरंचसं फोनवरच चालतं. पुढे जे लिहिते आहे ते या दोन ठिकाणी, बरंचसं चुका करून, शिकलेलं आहे.

लिहिणाऱ्याची मूळ अडचण अशी, की स्वतःचं लिखाण त्याला वाचक म्हणून वाचता येत नाही. आजोळच्या वाड्यावर त्यानं चार ओळी लिहिल्या, तर त्या वाचताना त्याला वाडा लख्ख दिसतो, कारण वाडा त्याच्या आठवणीत उभा आहे. कागदावर त्यातला किती उतरला, हे त्याला कळायला मार्गच नाही. ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. म्हणून अभिप्राय देणाऱ्याचं पहिलं काम एवढंच, की वाचताना मला काय झालं आणि ते कुठे झालं, हे सांगायचं. कुठे मी सरसावून बसले, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठे माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या कुकरकडे गेलं. गुण द्यायचं काम संपादकांवर आणि स्पर्धांच्या परीक्षकांवर सोडा.

एक उदाहरण जवळून दाखवते. आमच्या गटातली एक मुलगी इचलकरंजीची. घराला लागूनच वडिलांचं चार यंत्रमागांचं शेड होतं आणि ते माग विकावे लागले, त्यावरची कथा तिनं आणली. तिला विचारून, तिच्या पहिल्या खर्ड्यातला परिच्छेद इथे देते:

"आबांनी माग विकले त्या दिवशी घरावर दुःखाची काळी छाया पसरली. सगळेच सुन्न झाले होते. आबांच्या डोळ्यांत एका युगाचा अंत दिसत होता. आईने मूकपणे पदराने डोळे टिपले. वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालणारा मागांचा खडखडाट कायमचा थांबला होता. त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही."

आमच्याकडेही पहिले तीन अभिप्राय 'हृदयस्पर्शी', 'डोळे पाणावले' आणि 'माझ्या काकांची आठवण झाली' असे आले. चौथा अभिप्राय एका निवृत्त शिक्षकांचा: 'काळी छाया' आणि 'युगाचा अंत' हे घासून गुळगुळीत झालेले शब्दप्रयोग आहेत, काढून टाका. हे बरोबरच होतं. पण ती मुलगी मला नंतर म्हणाली, "ते काढलं तर माझ्याकडे त्या जागी ठेवायला दुसरं काहीच नव्हतं."

पाचवी बोलली ती आमच्यातली सगळ्यात कमी लिहिणारी. ती म्हणाली, "मी शेवटच्या वाक्यापाशी अडकले. आवाज थांबला म्हणून झोप लागली नाही, असं म्हणतेस. म्हणजे एवढ्या खडखडाटात तुम्हाला रोज झोप लागायची? आम्हाला तर एखादा ट्रक गेला तरी जाग येते. ते कसं असायचं, सांग ना."

मुलगी हसली आणि बोलायला लागली. आवाजातच आम्ही मोठे झालो, म्हणाली. माग चालू असेपर्यंत सगळे गाढ झोपायचे, आणि रात्री माग बंद पडले की अख्खं घर एकदम जागं व्हायचं, कारण माग बंद पडले याचा अर्थ लाईट गेली. शांततेनं जाग यायची. कुणीतरी पटकन म्हणालं, "हे लिहिलंस का कुठे?" नव्हतं लिहिलं. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण तिच्यासाठी ते रोजचं होतं.

पुढच्या महिन्यात परिच्छेद असा आला:

"माग गेले त्या रात्री आबा तीनदा उठले. तिसऱ्यांदा आईने विचारलं, 'काय होतंय?'
'लाईट गेलीय का गं?'
वर पंखा फिरत होता."

काळी छाया गेली, युगाचा अंत गेला, पदरही गेला. कुणी काढायला सांगितलं म्हणून ते गेलं नाही. खरी गोष्ट सापडल्यावर त्यांची गरज उरली नाही. आणि हे घडवून आणणाऱ्या बाईंनी कौतुक केलं नव्हतं, दोष काढला नव्हता, उपायही सुचवला नव्हता. त्यांना एका जागी खरोखर कुतूहल वाटलं, ती जागा त्यांनी दाखवली आणि विचारलं. १४ वर्षांत मी ऐकलेला हा सर्वांत चांगला अभिप्राय आहे. तो द्यायला समीक्षक असावं लागत नाही, मन लावून वाचलेलं असावं लागतं.

गझल लिहिणाऱ्यांचा मला या बाबतीत नेहमी हेवा वाटतो. त्यांच्याकडे उर्दूतून आलेली इस्लाहची परंपरा आहे, उस्तादानं शागिर्दाचा शेर तपासून दुरुस्त करण्याची. मराठीत सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून ती नवोदितांच्या हाती दिली, आणि त्यामुळे दोन गझलकार एकमेकांशी बोलू शकतील असे शब्द तयार झाले. 'दुसऱ्या मिसऱ्यात (म्हणजे ओळीत) एक मात्रा जास्त होतेय', 'काफिया (यमक) चुकला', 'अलामत (काफियातला न बदलणारा स्वर) सांभाळली नाहीस', असं म्हटलं तर कुणी रुसून गट सोडत नाही, कारण बोट शेराच्या एका ठरावीक जागेवर ठेवलेलं असतं आणि ती जागा दोघांनाही दिसते. गद्य लिहिणाऱ्यांकडे असे शब्द नाहीत, म्हणून आपण 'पकड घेत नाही' असं काहीतरी धुरकट बोलतो आणि समोरच्याला ते स्वतःबद्दल वाटतं. आमच्या गटानं हळूहळू स्वतःचे शब्द बनवले. 'दार सापडलं नाही' म्हणजे कथेत शिरायला मला वेळ लागला, आणि मग सांगायचं की कुठल्या ओळीला शिरले. 'घाई' म्हणजे इथे मला थांबायचं होतं आणि लेखक पुढे गेला. 'बोट धरलंस' म्हणजे मला समजलं होतं तरी पुन्हा समजावलंस. तुम्ही तुमचे शब्द बनवा. दादांचं 'सुरुवात पकड घेत नाही' हे 'मी तिसऱ्या परिच्छेदात, आजी घाटावर येते तिथे कथेत शिरलो' असं आलं असतं, तर ताई त्याच रात्री पहिले दोन परिच्छेद झाकून कथा वाचून बघू शकल्या असत्या.

आता प्रमाणभाषेबद्दल, कारण ही गोष्ट मला मनापासून खटकते. तुमच्या ताईंची आजी सांगलीच्या घाटावर उभी राहून 'पाणी वाढत आहे' म्हणणार का? ती 'पानी चढाय लागलंय' असंच म्हणणार. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडच्या उच्चारांना मोकळीक आहे. निवेदनातला ऱ्हस्व-दीर्घ ही वेगळी गोष्ट. तो शेवटच्या खर्ड्यात कुणीही नीट करून देऊ शकतं. पण मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा आमच्या कोल्हापूरकडची बोली घेऊन कुणी आलं आणि त्याला पहिला अभिप्राय शुद्धलेखनाचा मिळाला, तर तो माणूस पुढच्या वेळी पाठ्यपुस्तकी मराठीत लिहून आणतो, आणि त्याच्याकडचं जे कुणाकडेच नव्हतं ते कायमचं जातं. हे मी होताना पाहिलं आहे. संपादक म्हणून अशा कथा माझ्याकडे दरवर्षी येतात. स्वच्छ, नीटनेटक्या आणि कुणीही लिहिल्या असत्या अशा.

यामागे एक जुना, मोठा धडा आहे. 'सत्यकथा' मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी पत्रं आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. कथा परत यायची ती कारणांसह, सूचनांसह, आणि एकेका कथेचं पुनर्लेखन पुन्हा पुन्हा व्हायचं. मराठी नवकथा आणि नवकविता घडली त्यात या वाचनाचा वाटा फार मोठा आहे. आणि याच 'सत्यकथे'ची १९६९ मध्ये लघुनियतकालिकांतल्या, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांतल्या, तरुण लेखकांनी होळी केली. एकाच अभिरुचीच्या चाळणीतून सगळ्या मराठी साहित्यानं जावं हे त्यांना मान्य नव्हतं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. इतक्या आस्थेनं वाचणारा माणूस मिळणं हे लेखकाचं भाग्य. आणि तोच माणूस आपल्या आवडीचा साचा समोर ठेवून वाचू लागला तर लेखक गुदमरतो. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. आज बहुतेक संपादकांकडे नवोदिताला पानभर पत्र लिहायला वेळ नाही. मी स्वतः हंगामात येणाऱ्या कथांपैकी मोजक्याच कथांना सविस्तर उत्तर देऊ शकते, आणि बाकीच्यांचे चेहरे न पाहताही मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून तुमच्यासारखे गट टिकायला हवेत. ते पत्र आता तुम्हालाच एकमेकांना लिहायचं आहे.

लिहिताना एक प्रश्न स्वतःला विचारा: ही कथा जशी व्हायला बघतेय तशी ती व्हावी म्हणून मी बोलतेय, की मी लिहिली असती तशी व्हावी म्हणून? 'मी असतो तर शेवट असा केला असता' हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. दादांना शेवट फिल्मी वाटला, तर त्यांनी एवढंच सांगायचं की शेवट वाचताना कुठल्या क्षणी विश्वास बसेनासा झाला. बहुतेक वेळा ती जागा शेवटात नसतेच. दोन पानं आधी एखादं पात्र काहीतरी न बोलता राहिलेलं असतं आणि त्याची भरपाई शेवटी ढोल वाजवून केलेली असते.

हीच गोष्ट अभिप्राय घेणाऱ्यालाही सांगेन. तीन जण एकाच ठिकाणी ठेचकाळले, तर तिथे दगड आहे हे नक्की समजा. पण तिघांनी सांगितलेले तीन उपाय घेऊ नका. वाचकाला अडखळल्याचं कळतं, कशामुळे अडखळलो हे त्याला सांगता येईलच असं नाही. एकालाच काही खटकलं आणि बाकीच्यांना नाही, तर दोन दिवस ते बाजूला ठेवा. दोन दिवसांनीही टोचत असेल तर तुम्हाला ते आधीपासून माहीत होतं. आणि उत्तर देऊ नका. 'माझ्या डोक्यात असं होतं की...' ही सुरुवात तोंडावर आली की पाणी प्या. तुमचं डोकं कथेबरोबर छापून येणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखन कार्यशाळा चालू आहे आणि तिच्यामुळे जगभर पसरलेली रीत हीच, की चर्चा चालू असताना लेखकानं गप्प बसायचं. आम्ही ती पहिली २० मिनिटं पाळतो. त्याहून जास्त ताणू नये असं माझं मत आहे. आपल्या बोलींबद्दल, जातीबद्दल, गावाबद्दल बाकीच्यांचा गैरसमज चालू असताना लेखकानं तासभर गप्प बसून ऐकावं, यात मला शहाणपण दिसत नाही.

नाजूक लिखाणासाठी मी दुसरी एक पद्धत वापरते. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० च्या सुमारास ती बसवली, नाचासाठी, पण कथेलाही चालते. आधी वाचणारे सांगतात की काय मनात राहिलं. मग लेखक स्वतःला पडलेले प्रश्न विचारतो. मग वाचणारे प्रश्न विचारतात, पण ज्यात मत लपलेलं नाही असे. 'शेवट एवढा लांब का केलास?' हा प्रश्न नव्हे, तो टोमणा आहे, 'शेवटी वाचकाला काय वाटावं असं तुला हवंय?' हा प्रश्न. आणि सर्वांत शेवटी मत, तेही 'आईच्या पात्राबद्दल मला काही म्हणायचंय, सांगू का?' असं विचारून. लेखक 'आत्ता नको' म्हणू शकतो.

ही परवानगी मागायला मी कशी शिकले ते सांगायला हवं. दहा-बारा वर्षांपूर्वी गटात एक तरुण आला, शांत, बँकेत नोकरी करणारा. वडिलांच्या जाण्यावरची कविता त्यानं वाचली. मी म्हणाले, "भावना खरी आहे, पण कविता अजून वर्तमानपत्राच्या श्रद्धांजलीसारखी आहे." सगळ्यांसमोर म्हणाले. त्यानं मान डोलावली, कागद घडी करून खिशात ठेवला. पुन्हा आला नाही. नंतर कळलं की वडील जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते. कवितेबद्दलचं माझं म्हणणं आजही बदललेलं नाही, पण त्या दिवशी तो कविता घेऊन आलाच नव्हता, वडील घेऊन आला होता, आणि मी ते विचारलं नाही. आता असं काही समोर आलं की पहिल्यांदा मी विचारते, "हे किती दिवसांपूर्वीचं आहे? यावर काम करायचंय की आज नुसतं ऐकवायचंय?" ऐकवायचं असेल तर आम्ही ऐकतो. चहा घेतो. पुरतं तेवढं.

यावरून आमची एक पक्की सवय झाली: लिखाण देतानाच लेखकानं सांगायचं की हा कच्चा खर्डा आहे, दुसरा-तिसरा आहे की अंकाला पाठवण्याआधीचा. आणि स्वतःचा एक प्रश्न सोबत द्यायचा. कच्च्या खर्ड्यावर शब्दयोजनेची चर्चा करणं म्हणजे पाया खणताना पडद्यांचा रंग ठरवणं. उलट जूनच्या शेवटी, दिवाळी अंकांना कथा पाठवायच्या आठवड्यात, 'ही कथा खरं तर भावाच्या नजरेतून हवी होती' हे सांगून कुणाचं भलं होत नाही. ते पुढच्या जानेवारीत सांगा.

बाकी व्यवस्थेचं पटकन सांगते. नऊ जण वाचायला थोडे जास्त आहेत. पाच ते सात बरे. महिन्याला दोनच लेखकांचं लिखाण घ्या, तीन हजार शब्दांच्या आत, आणि चार दिवस आधी सगळ्यांना पाठवा. पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. दुसऱ्यात फक्त तीन खुणा: आवडलं तिथे रेघ, निसटलं तिथे नागमोडी रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. लेखी अभिप्राय दोनशे शब्द भरेल एवढा असावा आणि निदान दोन ओळी त्या लिखाणातल्या उतरवलेल्या असाव्यात. ओळी उतरवल्या की 'अप्रतिम' लिहायची गरज आपोआप संपते. गटाबाहेर कुणाचंही काही फॉरवर्ड करायचं नाही. नाव गळून फिरणाऱ्या कविता आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत, आणि तो विश्वास एकदा तुटला तर चांगलं लिखाण कुणी गटात आणत नाही.

आणि खटकलेलं फोनवर बोला. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ झालं, त्याचे कवी रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत. तिथे समोरच्याचा चेहरा दिसत होता, दुसरा कप ओतता येत होता. रात्री अकरा वाजता फोनच्या पडद्यावर आलेल्या 'फिल्मी' या शब्दाला चेहरा नसतो, आणि बाकीच्या सातांचं गप्प राहणं हे वाचणाऱ्याला संमतीसारखं दिसतं. तुम्ही सात जण त्या रात्री काय करत होता, हे मी दोष देण्यासाठी विचारत नाही. पण माझा अंदाज आहे की ताई दादांच्या तीन वाक्यांपेक्षा त्या शांततेमुळे गेल्या असाव्यात.

प्रोत्साहनाबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, तरी लिहिते. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्या प्रत्येकाला दोन संक्षेप माहीत असतात: 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, आणि 'पुभाप्र' म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पहिला मला नेहमी निरोपासारखा वाटतो. दुसऱ्यात मात्र कुणीतरी दारात उभं राहून वाट बघतंय, आणि लिहिणाऱ्या माणसाला याच्याइतकं काही लागत नाही. आमच्या इचलकरंजीच्या मुलीनं मधे वर्षभर काही लिहिलं नाही. लग्न, बदली, सासूबाईंचं आजारपण. 'लिहितेस ना?' असं विचारलं की तिला अपराधी वाटायचं. मग एकदा आमच्यातल्या त्याच कमी लिहिणाऱ्या बाईंनी तिला मेसेज केला: "परवा आमच्याकडे लाईट गेली आणि मला तुझे आबा आठवले. ते नंतर रात्री झोपायला लागले का गं?" तीन आठवड्यांनी मुलीनं अकरा पानं पाठवली. आबांना झोप कशी लागायला लागली, त्याचीच ती कथा आहे.

दादांशीही बोला. गटात एवढ्या काळजीनं शेवटपर्यंत वाचणारे कदाचित तेच एकटे आहेत. 'तुमचं चुकलं' म्हणून सुरुवात करू नका. त्यांच्या तीन वाक्यांपैकी प्रत्येकाला 'कुठे?' विचारा आणि उत्तर लिहून घ्या. माझी खात्री आहे, त्यांच्याकडे उत्तरं असतील. ती ताईंना आत्ता पाठवायची नाहीत. त्यांनी मागितली तर द्यायची.

राहिल्या ताई. तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, की त्यांची पुराचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर मोजणारी आजी तुम्हाला अजून आठवते. सांगलीत पूर आला की सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं ते विचारतात. २०१९ मध्ये ते आकडे घराघरांत पाठ झाले होते. आणि ही बाई फुटांत न मोजता पायऱ्यांत मोजते, कारण त्या पायऱ्यांवर तिनं आयुष्यभर धुणं धुतलं असणार. मी ती कथा वाचलेली नाही. तुमच्या एका वाक्यावरून मला ती आजी दिसली. हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत, मी तुमच्या ओळखीचीही नाही. ताईंना लिहिलंत का? माझा अंदाज आहे की नाही, त्या दिवशी तुम्हीही टाळ्याच पाठवल्या असतील. आज त्यांना फोन करा. गटात परत या असं म्हणू नका, झाल्या गोष्टीची माफीही लांबवू नका. कितव्या पायरीवर पाणी आल्यावर आजी घर सोडते, हे तुम्हाला आठवत नसेल तर त्यांनाच विचारा.